तुमच्या वर्गातल्या बायकांना पीएफ आहे, मग तुम्हाला का नाही?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी सोलापूरची, वय ३८, एमए मराठी. गेली नऊ वर्षं एका संस्थेच्या प्रौढ वर्गावर शिकवते, संध्याकाळी सात ते नऊ. बायका बहुतेक बिडी कामगार, घरी तेलुगू बोलणाऱ्या. काही जणी पहिल्यांदाच पाटी धरतात, काही जणी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतात. मला तासाला १२० रुपये मिळतात. पंधरापेक्षा कमी बायका आल्या तर वर्ग 'भरला नाही' धरतात आणि त्या दिवसाचे पैसे नाहीत. रोज ॲपवर हजेरी टाकायची, रविवारी वस्तीत फिरून बायका गोळा करायच्या, महिन्याची मीटिंग, याचं काही मिळत नाही. मानधन तीन तीन महिने येत नाही. अकरा महिन्यांचा करार, मग एक महिना घरी, मग परत नवा करार. अशा आम्ही पंधरा जणी आहोत. आम्ही व्हॉट्सॲपवर ग्रूप काढला तर समन्वयक सरांनी मीटिंगमध्ये विचारलं की ॲडमिन कोण आहे. म्हणाले, हे सेवेचं काम आहे, युनियन करायला ही काय गिरणी आहे का? दोघी लगेच ग्रूप सोडून गेल्या. ताई, शिक्षिकांनी असं करणं शोभतं का? आणि केलंच तर कायदा आमच्या बाजूने आहे का? मला काढलं तर माझ्या बायकांचं काय होणार? नाव छापू नका."

सोलापूरच्या ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या प्रश्नाशी अडकले. मला काढलं तर माझं काय, असं तुम्ही विचारलं नाही. माझ्या बायकांचं काय, असं विचारलं. नऊ वर्षं रोज संध्याकाळी घरचा स्वयंपाक आटपून त्या हॉलवर जाणारी बाईच असं विचारू शकते. पण ताई, तुम्हाला रागावून नाही सांगत, हाच प्रश्न तुमचे पैसे अडवून ठेवायला वापरला जातोय. तुम्ही वर्ग सोडणार नाही हे तुमच्या संस्थेला पक्कं माहीत आहे म्हणूनच मानधन तीन महिने थांबू शकतं.

आधी शोभण्याचं बोलू, कारण कायद्यापेक्षा तिथंच आपण जास्त अडखळतो. मी स्वतः त्यातून गेले आहे. साक्षरता अभियानाच्या दिवसांत फुकट वर्ग घेतले, ते आनंदाने घेतले, आजही त्याचं काही वाटत नाही. पण नंतर एका संस्थेत पगारी म्हणून प्रौढ वर्ग घ्यायला लागले आणि सात महिन्यांचे पैसे थकले. एकटीच ऑफिसात विचारायला गेले. समोरचे गृहस्थ वयाने मोठे, मला मुलीसारखं मानणारे, ते एवढंच म्हणाले की तूसुद्धा पैशाचं बोलायला लागलीस का. मी सॉरी म्हणून घरी आले. माझ्याच घामाचे पैसे मागितले म्हणून मी सॉरी म्हणाले! पुढचे कितीतरी दिवस मला लाज वाटत राहिली आणि ती लाज माझी नव्हतीच, हे कळायला फार वर्षं गेली.

जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली हे तुम्ही वर्गात सांगत असालच, आपण सगळेच सांगतो. त्याच सत्यशोधक विचारातून तयार झालेले नारायण मेघाजी लोखंडे पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करत होते आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्याने. म्हणजे शिकवणं आणि हक्कासाठी संघटना करणं या आपल्याकडे एकाच घरातल्या दोन गोष्टी आहेत. आणि तो रविवार आज तुम्ही वस्तीत दारोदार फिरण्यात घालवताय, बिनपैशाचा. तेव्हा शोभतं, ताई. पूर्ण शोभतं.

आता "ही काय गिरणी आहे का" याचं. हे वाक्य सोलापुरात, बिडी कामगार बायकांच्या वर्गाबद्दल कोणीतरी बोलतं याचं मला खरंच वाईट वाटलं. कारण तुमच्यासमोर जाजमावर ज्या बायका बसतात ना, त्या तुमच्यापेक्षा या विषयात पुढे आहेत. त्या घरी बसून बिड्या वळतात, सुपात पान-तंबाखू घेऊन, हजारी मजुरीवर, म्हणजे हजार बिड्यांमागे ठरलेल्या पैशांवर. त्यांनाही कोणे एके काळी नेमकं हेच ऐकवलं जायचं की तुम्ही कामगार नाहीच, तुम्ही तुमच्या घरी तुमच्या वेळेत काम करता, आम्ही फक्त माल घेतो. मग १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा आला, त्यात घरी बसून वळणारीही धरली गेली. मालक कोर्टात गेले, १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. तरी पीएफवरून भांडण चालूच राहिलं आणि १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरी बिड्या वळणारी बाईसुद्धा पीएफ कायद्याखाली कर्मचारीच आहे. कारण काय दिलं ते नीट वाचा, ते तुमच्या कामाचं आहे. मालक वळलेल्या बिड्या तपासतो, खराब म्हणून बाद करू शकतो, आणि बाद करण्याचा हा अधिकार म्हणजेच कामावरची देखरेख आणि ताबा, असं कोर्ट म्हणालं.

आता तुमच्या "वर्ग भरला नाही" कडे बघा. तुम्ही दोन तास शिकवलं, बारा बायका होत्या, संस्थेने तो दिवस बाद केला. वर्ग कुठे घ्यायचा, किती वाजता, कोणत्या ॲपवर हजेरी, सगळं ते ठरवतात, तपासतात, बाद करतात आणि पैसे द्यायच्या वेळी मात्र तुम्ही स्वयंसेवक! सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, दहा हजार घरं, ती काय कोणी दयेने बांधून दिली का? वर्षानुवर्षं मोर्चे काढले त्या बायकांनी. तुमच्या वर्गात त्यातली एखादी आजी नक्की असेल. तिला विचारा एकदा, पहिल्या मीटिंगला किती जणी होत्या म्हणून.

कायद्याचं मात्र मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. शिक्षकांच्या बाबतीत आपला कायदा विचित्र आहे. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेला नोकरीवरून काढलं होतं, ती लढत लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८८ मध्ये कोर्टाने सांगितलं की शिक्षणसंस्था 'उद्योग' असली तरी शिक्षक हा 'कामगार' नाही, शिकवणं हे ध्येयाचं, उदात्त काम आहे. बाईचा दावा गेला. उदात्त म्हणून सन्मान झाला आणि उदात्त म्हणूनच संरक्षण गेलं, मला हे कधीच पटलेलं नाही. त्यात आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि सामाजिक काम करणाऱ्या संस्थांना 'उद्योग' या व्याख्येतूनच बाहेर ठेवलंय. म्हणजे उद्या तुम्हाला काढलं तर "मला परत कामावर घ्या" म्हणून कामगार कोर्टाचं दार ठोठावणं तुम्हाला अवघड जाईल. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर कोणीतरी उत्साही माणूस तुम्हाला पहिल्याच दिवशी केस टाकायला लावेल आणि चार वर्षं त्यात जातील.

पण म्हणून दारं बंद नाहीत. संघटना करायचा अधिकार घटनेने दिलाय, कलम १९ मध्ये, तो प्रत्येक नागरिकाचा आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. सात जणी एकत्र आल्या तर सोसायटी कायद्याखाली संघ म्हणून नोंदणी होते. पण मला विचाराल तर नवीन काढूच नका. अंगणवाडीताई, आशाताई, बिडी कामगार यांच्या नोंदणीकृत युनियन आहेत, त्यातली जी हिशेब दाखवते आणि बायकांना बोलू देते तिच्यात तुमची एक शाखा म्हणून जा. पंधरा जणींची संस्था आपली आपण चालवायची म्हणजे ऑडिट, पावत्या, वार्षिक सभा, त्यातच तुमची शक्ती संपेल. कोणत्या झेंड्याची युनियन हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

पीएफचं वेगळंच आहे. तिथे 'कामगार' असण्याची अट नाही, मजुरी घेऊन संस्थेचं कोणतंही काम करणारा माणूस त्यात येतो, आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर तो लागू होतो. तुम्ही पंधरा, शिवण आणि पार्लर शिकवणाऱ्या बाया असतील तर त्या, ऑफिसातली माणसं, शिपाई, सगळे मोजा. वीसच्या वर आकडा जात असेल तर हा मुद्दा तुमच्या यादीत घाला.

आणि 'मानधन' या शब्दाला घाबरू नका. मला तर हा शब्द आवडतच नाही, मान कागदावर राहतो आणि धन पोचत नाही. अंगणवाडीताईंनाही सरकार वर्षानुवर्षं म्हणत होतं की तुमचं मानधन आहे, पगार नाही, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. गुजरातच्या अंगणवाडी कर्मचारी त्यावर लढल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांना मिळणारं मानधन म्हणजे वेतनच आहे, ग्रॅच्युइटी द्या. शिक्षकांचंही तसंच, २००४ मध्ये कोर्ट म्हणालं की शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यात बसत नाहीत, मग २००९ मध्ये संसदेने कायदाच बदलला, तोही १९९७ पासून मागे लागू करून, आणि २०२२ मध्ये तो बदल कोर्टात टिकला. कोर्टात हरलं म्हणजे कायमचं हरलं असं नसतं. आपल्या राज्यातल्या अंगणवाडीताई २०१७ मध्ये महिनाभराच्या आसपास संपावर होत्या, पाच हजाराचे साडेसहा हजार झाले. २०२३ मध्ये परत बसल्या, ८,३२५ चे दहा हजार झाले. फार नाहीत हे पैसे, पण एकेकटीने अर्ज करून एकीलाही एवढे मिळाले नसते.

आपल्या प्रौढ शिक्षणाची गोष्ट मात्र उलटीच चाललीय. साक्षर भारत योजनेत २००९ पासून ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षा केंद्रात केंद्र चालवणारे दोन प्रेरक असायचे, महिन्याला दोन हजार मानधन. त्या वेळीही ते कमीच होतं, वर ते वेळेवर मिळायचं नाही. ३१ मार्च २०१८ ला योजना बंद, प्रेरक घरी, लाखो माणसं होती देशभरात आणि कोणाला पत्ताही लागला नाही. आता केंद्र सरकारची उल्लास ही साक्षरता योजना आहे, २०२२ ते २०२७, ते सगळं स्वयंसेवकांवरच, मानधन हा विषयच नाही. म्हणजे मोठ्या माणसाला अक्षर शिकवणं हे कोणीही फावल्या वेळात करायचं काम आहे असं वरपासूनच ठरल्यासारखं झालंय. चाळिशीच्या बाईचा हात पाटीवर वळवणं, तिच्या तेलुगूतून मराठीत येणं, तिला तिच्या मजुरीच्या हिशेबातून गुणाकार शिकवणं, हे फावल्या वेळचं काम आहे का? तुम्ही नऊ वर्षांत जे शिकलात ते कोणत्याही डीएडला शिकवत नाहीत. म्हणून तुमची ही लढाई तासाला वीस रुपये वाढवून घ्यायची नाही, हे काम म्हणजे काम आहे एवढं मान्य करून घ्यायची आहे.

तर आता करायचं काय. पगारवाढ मागू नका. म्हणजे आत्ताच मागू नका. आधी तास मोजा. पंधराही जणींनी (त्या दोघी धरून, त्यांना परत बोलवा, भीती वाटली म्हणून कोणी परकं होत नाही) एक महिना वहीत रोज लिहायचं, किती वाजता निघालो, किती वाजता परत, ॲपला किती वेळ, रविवारी किती, रिक्षा किती, झेरॉक्स किती. मी तुमच्या पत्रावरून अंदाजाने मांडून बघितलं. महिन्याला २२ वर्ग, ४४ तास, १२० ने ५,२८० रुपये. आता त्यात रोजची हॉल उघडणं, झाडणं, ॲपची हजेरी मिळून ४० मिनिटं धरली तर पंधरा तास होतात, चार रविवारचे बारा, मीटिंगचे चार. म्हणजे ७५ तास काम. रिक्षाला रोज ४० धरले तर ८८० गेले, खडू-झेरॉक्सचे २०० गेले, हातात राहिले ४,२००. भागा ७५ ने, ५६ रुपये तास. आणि महिन्यात चार वर्ग 'भरले नाहीत' तर अजून ९६० वजा, मग ४३ रुपये. कागदावर १२० आणि खरे ४३! हा आकडा तुमच्या स्वतःच्या वहीतून आला पाहिजे, माझ्या अंदाजातून नाही. कारण समन्वयक सर "तासाला १२० काय कमी आहेत का" म्हणतील तेव्हा पंधरा वह्या टेबलावर ठेवता आल्या पाहिजेत.

आता एक नाजूक गोष्ट, तुम्ही पत्रात लिहिली नाही पण मी विचारणार. वर्गात बारा बायका आल्या तर पंधरा कशा होतात? मला माहीत आहे कशा होतात. पुढच्या दिवशी सही घेतो, किंवा तिची मुलगी करते, किंवा आपणच करतो. पैसे जाऊ नयेत म्हणून करतो, वर्ग बंद पडू नये म्हणून करतो, आणि संस्थेलाही ते हवंच असतं कारण पुढे रिपोर्ट भरायचा असतो. पण ताई, ज्या दिवशी तुम्ही तोंड उघडाल त्या दिवशी पहिलं तेच रजिस्टर बाहेर निघेल. तुमच्यातली सगळ्यात हुशार, सगळ्यात बोलणारी बाई पकडतील आणि म्हणतील खोट्या सह्या, आणि ती बिचारी मान खाली घालून जाईल, मी हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणून पहिला नियम हाच की आजपासून एकही खोटी सही नाही. बारा तर बारा. दोन महिने पैसे कमी येतील, सोसा. पण मग तुमच्याकडे खरा आकडा असेल आणि तुम्ही सांगू शकाल की बिडी देण्याच्या दिवशी, रेशन आल्यावर, लग्नसराईत, पावसात हॉल गळतो तेव्हा बायका येत नाहीत, त्याचा माझ्या शिकवण्याशी काय संबंध आहे? मी दार उघडलं, मी उभी राहिले, माझे दोन तास गेले. पहिली मागणी हीच ठेवा, वर्ग उघडला की पैसे, मग पाच येऊ देत नाहीतर पंचवीस. हजेरीला बांधलेला पगार माणसाला खोटं बोलायला लावतो, आणि खोटं बोललेला माणूस कधी भांडू शकत नाही.

त्याच्यानंतर बाकीचं. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे (नव्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचा असं धरलंय, तुम्हीही सातच मागा), प्रत्येकीला नेमणुकीचा कागद आणि त्यात कामाचे सगळे तास, रविवार आणि ॲप धरून. तासाचा दर वाढवायचं सगळ्यात शेवटी.

आणि पैसे येतात कुठून ते शोधा. तुमच्या संस्थेला सरकारी अनुदान असेल तर योजनेत शिकवणाऱ्यांसाठी किती दर मंजूर आहे आणि हप्ता कधी सुटला हे माहितीच्या अधिकारात मिळतं, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. हा अर्ज संस्थेकडे नाही तर अनुदान देणाऱ्या ऑफिसकडे करा, आणि तुमच्यापैकी कोणी करू नका, युनियनमधल्या कोणाला तरी करायला सांगा. समजा हप्ता जूनमध्ये आला आणि तुमचे पैसे सप्टेंबरमध्ये, तर बोलायला काही उरत नाही. आणि समजा वरूनच थकलं असेल तर मग संस्था आणि तुम्ही मिळून वर भांडायचंय, हेही त्यातूनच कळेल. समन्वयक सरांबद्दलही तेच, ते स्वतः करारावर आहेत का हे बघा, बहुतेक असतील, त्यांचंही थकत असेल. त्यांना शत्रू करू नका. ॲडमिन कोण विचारलं ना, तर उत्तर द्या की पंधराही जणी ॲडमिन आहेत, आणि खरोखर पंधराही जणींना ॲडमिन करा, दोन मिनिटांचं काम आहे. पण ग्रूपवर कोणाबद्दल वाईट लिहायचं नाही, स्क्रीनशॉट जातातच. ठरवाठरवी समोरासमोर, कोणाच्या तरी घरी, भिशीला जमतो तसं. भिशीवरून आठवलं, महिन्याला पन्नास रुपये प्रत्येकीने काढा, पंधरा जणींचे साडेसातशे, वर्षाचे नऊ हजार. कोणाला काढलं तर तिच्या घरी दोन महिने किराणा जाईल एवढी सोय होते. हे पैसे कमी वाटतील पण माघार का घेतली म्हणून बायकांना विचारलं की किराण्याचंच कारण सांगतात, म्हणून सांगते.

संपाचं म्हणाल तर घाई नको. तुमच्या दहावीच्या बायका फेब्रुवारी-मार्चला परीक्षेला बसणार, त्यांचा वर्ग बंद पाडून तुम्हालाच झोप लागायची नाही. आणि सगळ्यांनी ठरवून एकाच दिवशी सुट्टी टाकू असंही कोणी सुचवेल, ते करू नका, नव्या संहितेत निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तो संपच धरलाय आणि त्याला चौदा दिवसांची नोटीस लागते. तो नियम तुमच्या संस्थेला लागतो की नाही यावर भांडत बसण्यापेक्षा तसं निमित्तच देऊ नका. त्यापेक्षा फुकटचं काम थांबवा. शिकवणं एकही दिवस बंद नाही, पण रविवारचा फेरा बंद, घरी बसून ॲप भरणं बंद, हजेरी कागदी रजिस्टरवर. पंधराही जणींनी एकाच रविवारी थांबवायचं, आणि आठ दिवस आधी लेखी कळवून. २०२३ मध्ये राज्यातल्या शाळांच्या शिक्षकांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, शिकवणं चालू ठेवून, हे अशैक्षणिक काम आमचं नाही म्हणून, तसंच हे.

एक गोष्ट थोडक्यात, पण विसरू नका. रात्री नऊला वर्ग सुटतो, तुम्ही पंधरा जणी वेगवेगळ्या वस्त्यांतून एकट्या घरी येता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा मानधनावरच्या आणि अगदी बिनपगारी स्वयंसेवक बाईलाही लागू आहे, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत तक्रार समिती असलीच पाहिजे. ती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे विचारा. ही मागणी कोणी सेवेच्या नावाखाली नाकारू शकत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. काढतील का? करार संपल्यावर नवा देणार नाहीत, असं होऊ शकतं, मी नाही म्हणणार नाही. म्हणून वेळ बघा. करार संपायच्या तोंडावर तोंड उघडू नका, नवीन वर्ग सुरू होऊन बायकांची नावं पोर्टलवर चढली की मग बोला, तेव्हा त्यांना तुमची गरज सगळ्यात जास्त असते. पंधराही जणींना एकदम बदलणं कोणालाच जमत नाही, बिडी वस्तीत तेलुगू कळणारी, रात्री नऊपर्यंत थांबणारी शिक्षिका त्यांना जाहिरात देऊन मिळणार नाही. एकीला काढणं मात्र फार सोपं. म्हणून अर्जावर सह्या खाली खाली करू नका, मधे मजकूर आणि भोवती गोल सह्या करा, म्हणजे पहिली कोण आणि पुढारी कोण हे कागदावरून कळत नाही. आणि बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, अर्ज द्यायच्या आधीच एकदा जाऊन या, वेळ आल्यावर धावपळ नको.

आणि तुमच्या बायकांना सांगा. त्यांच्यापासून लपवताय ना? मला वाटतं लपवताय, शिक्षिकेचं दुःख विद्यार्थिनीला कशाला म्हणून. एका संध्याकाळी फळ्यावर तुमचा हिशेब मांडा, भागाकाराचा धडा म्हणून, ५,२८० पासून सुरू करून. त्या हजारी मजुरीचा हिशेब रोज करतात, तुमचा तासाचा दर त्या तुमच्या आधी काढतील. मग त्या काय म्हणतात ते ऐका, आणि त्यांना वाटलं तर त्यांचा वेगळा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावा, अक्षर कसंही असो, चुका असोत, दुरुस्त करू नका.

अर्ज द्यायला पाच जणी जा, त्यात त्या दोघींपैकी एक तरी असू दे. दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या, देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पोचेची प्रत तुमच्या घरी ठेवू नका, वर्गातल्या त्या मोर्चे बघितलेल्या आजीकडे द्या, तिच्या बिडी कार्डाच्या पिशवीत.

तुमची,
ताई